फ्लॅटमध्ये मुलांसाठी बजी आणायचेत? आणा, पण आधी हे वाचून घ्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता की पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा, सासरे दिवसभर घरीच असतात, सोसायटीत कुत्र्यावरून आधीच कटकट आहे म्हणून कुत्रा नको, मुलं पक्ष्यासाठी मागे लागलीत, तर बजी, म्हणजे बजरीगर हे छोटे पोपट, आणावेत का, ते बोलतात का, आणि नव्याचे नऊ दिवस संपले की सगळं तुमच्याच गळ्यात पडणार का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. पडणार, पण तुमच्या नाही, सासऱ्यांच्या. मी गेली वीसेक वर्षं बजी पाळतोय, पिल्लं काढतोय, ओळखीपाळखीत देतोय, आणि बहुतेक घरांत हेच बघितलंय की हट्ट करतात पोरं आणि पक्षी शेवटी होतो आजोबांचा. कारण सरळ आहे, मुलं शाळा क्लास करून येईपर्यंत संध्याकाळ होते, सकाळी दहाला पेपर घेऊन पिंजऱ्याशेजारी बसणारा माणूस एकच असतो घरात, आणि बजीला तर तेच लागतं, कोणीतरी नुसतं जवळ बसलेलं. महिन्याभरात सासरे "त्याने आज गाजर खाल्लं नाही" असं तुम्हाला फोन करून सांगायला लागले तर मला आठवा. मुलांचा रस जात नाही हो, पण तो येऊनजाऊन असतो, रोजचा राबता मोठ्या माणसाचाच. हे मान्य असेल तर आणा, बिनधास्त आणा.

आता मजा कशात आहे ते सांगतो, कारण लोक चुकीच्या अपेक्षेने आणतात आणि मग दोन महिन्यांत पिंजरा बाल्कनीत जातो. बजी म्हणजे ३०-४० ग्रॅमचा जीव, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या आतल्या भागातला, तिकडे हजारोंच्या थव्याने पाऊस पडेल आणि गवताला बी धरेल तिकडे भटकत असतो. एकटा कधीच नसतो. त्याच्या डोक्यात थवा ही गोष्ट इतकी पक्की बसलेली आहे की थवा नसेल तर तो घरातल्या माणसांचाच थवा करतो. तुम्ही हॉलमधून स्वयंपाकघरात गेलात की मागून एक ठराविक हाक येते, चिर्रर्प अशी एकच, तुम्ही तिकडून शीळ घातली की गप्प. नाही घातली तर परत. त्याला काही नको असतं, फक्त तुम्ही आहात ना एवढं कळायला हवं असतं. आमच्या घरात आता शिळेला शीळ देणं इतकं अंगवळणी पडलंय की पाहुणे विचित्र नजरेने बघतात.

दिवसभर त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो आणि तो बघण्यातच खरी गंमत. सकाळी कापड काढलं की आधी एक पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम मागे ताणतात, मग दुसरी बाजू, मग दोन्ही पंख खांद्यापासून वर उचलून हवेशीर उभे राहतात, आणि मग बडबड सुरू. दुपारी एक पाय पोटात घेऊन, पिसं फुलवून झोपाळलेले बसतात आणि चोच चोचीवर घासत राहतात, करकर करकर असा बारीक आवाज येतो, नव्या माणसाला वाटतं काही बिघडलंय की काय, तर नाही, तो अगदी समाधानात असल्याचा आवाज आहे. जांभया पण देतात, आणि एकाने दिली की शेजारचा देतो, २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोग करून हे दाखवलंसुद्धा, मुलांना सांगा बघायला, तास जातो त्यांचा. संध्याकाळी मिक्सर लावला, नळ सोडला, पाऊस कोसळायला लागला की ह्यांना चेव येतो, त्या आवाजाच्या वर आवाज काढायचा असतो. त्यामुळे शांत पाळीव प्राणी हवा असेल तर मासे घ्या, बजी नको. संध्याकाळी तासभर आठवडी बाजार भरतो घरात, कान किटतात, टीव्हीचा आवाज वाढवला तर तेही वाढवतात. मात्र अंधार केला की एकदम सामसूम, आणि दहा-बारा तास झोप त्यांना लागतेच, म्हणजे रात्री अकरापर्यंत हॉलमध्ये लाईट आणि सिरियल चालू असेल तर पिंजरा आतल्या खोलीत हलवायची सोय ठेवा.

बोलतात का. हो, नर बोलतात, मादी क्वचित एखादी. पण मैनेसारखं किंवा आपल्या पोपटासारखं खणखणीत "विठू विठू" नाही, घोगरं, भरभर, पुटपुटल्यासारखं, अर्धी स्वतःची चिवचिव आणि त्यात मध्येच तुमचा शब्द. कान सरावला की कळतं अरे हा तर "ए सोनू उठ" म्हणतोय. कॅलिफोर्नियात पक नावाचा एक बजी होता, १९९४ मध्ये गेला, त्याच्या नावावर १७२८ शब्दांचा गिनीज रेकॉर्ड आहे, सगळ्या पोपट जातीत जास्त. आपले दहा-वीस शब्द म्हणाले तरी खूप झालं. का बोलतात हे समजून घेतलं तर शिकवणं सोपं जातं. जोडी जमली की नर आपल्या मादीची हाक शिकून घेतो, तशीच काढायला लागतो, थव्यात राहणारे एकमेकांच्या हाका उचलतात, म्हणजे नक्कल करणं ही त्यांची आपलेपणाची पद्धत आहे. त्यामुळे समोर बसून पाढे घोकल्यासारखं शिकवायला गेलात तर पालथ्या घड्यावर पाणी, आणि घरात रोज उत्साहात जे म्हटलं जातं, दार उघडताना, फोन उचलताना, मुलाला हाक मारताना, ते बरोबर उचलणार. बाईचा किंवा लहान मुलाचा वरच्या पट्टीतला आवाज लवकर पकडतात असा माझा अनुभव आहे. माझ्याकडून नेलेला एक निळा नर एका घरी "आई डबा" एवढंच म्हणतो, दिवसभर, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

मग एक आणायचा की दोन, ह्यावरून लोक भांडतात. एकटा असला की तो माणसांना जास्त चिकटतो आणि जास्त बोलतो हे खरंय, पण घरात सतत कोणी नसेल तर तो हाल आहे पक्ष्याचा. एकटा नर स्टीलच्या वाटीतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी तासन्तास गप्पा मारतो, मान वरखाली करून त्याला खाणं भरवायला बघतो, लोकांना फार गोड वाटतं, मला नाही वाटत. आरसा तर पिंजऱ्यात नकोच, त्याच्या नादी लागला की माणसाकडे बघत नाही आणि खाल्लेलं सारखं उलटून काढत बसतो. माझं मत विचाराल तर दोन घ्या, आणि दोन्ही नर घ्या. नर-मादी जोडी घेतली की दुकानदार लगेच मटकी, म्हणजे अंडी घालायचं छोटं मडकं, पण देतो बरोबर, "लावा, पिल्लं होतील, मुलांना मजा". मटकी लावू नका. मटकी दिसली की मादीच्या अंगात येतं, एकाआड एक दिवस चार-सहा अंडी, अठरा दिवसांनी पिल्लं, महिना-सव्वा महिन्यात बाहेर, की हिची परत तयारी. कॅल्शियम कमी पडलं तर अंडं आत अडकतं आणि मादी एका दिवसात जाते, आणि हे तुमच्या मुलांनी बघावं असं मला वाटत नाही. शिवाय वर्षात दोन पक्ष्यांचे बारा झाले की कोणाला द्यायचे. दोन नर मस्त राहतात, एकमेकांची डोकी खाजवून देतात, भांडण म्हणजे नुसती चोचाचोची.

मुलांच्या हातावर बसवायचं असेल तर घाई नको. पहिला आठवडा पिंजऱ्यात हात घालायचाच नाही, नुसतं शेजारी बसायचं, वाचायचं, बोलायचं. पिंजरा भिंतीला लावून आणि डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीवर ठेवला की त्यांना सगळं जग अंगावर आल्यासारखं वाटतं. मग राळ्याचं कणीस घ्या, दुकानात मिलेट स्प्रे म्हणून मिळतं, ते मुलीच्या हातात द्या आणि सांगा की हात दांडीजवळ ठेवायचा आणि हलवायचा नाही, काही झालं तरी. आधी मान लांब करून एक दाणा ओढेल आणि पळेल. काही दिवसांनी एक पाय दांडीवर आणि एक पाय बोटावर असा उभा राहील, अर्धा विश्वास अर्धा नाही, आणि त्या एका पायाची उब बोटाला लागते तेव्हा दहा वर्षांचं पोर श्वास धरून बसतं, फोटो काढायला सुद्धा उठत नाही. बोट पोटाच्या खालच्या बाजूला हळूच टेकवलं की आपोआप वर चढतो. मुठीत धरायचं मात्र नाही, कोणीच नाही, हे मुलाला पहिल्या दिवशी सांगा, कारण पक्ष्याला छाती फुगवल्याशिवाय श्वास घेता येत नाही, लाडाने आवळला तरी गुदमरतो. सहा वर्षांच्या मुलाला बाहेरून बघणं आणि पाणी बदलणं एवढंच काम द्या सध्या.

रोज तासभर तरी बाहेर सोडायला हवेत, आणि ह्यात आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू आहे छताचा पंखा. माझ्या बघण्यात मांजरापेक्षा जास्त बजी पंख्याने गेलेत. एका घरात मुलीने पुठ्ठ्याची पाटी केलीय, "पंखा बंद, बजी चालू", दोरीने रेग्युलेटरवर टांगते आणि पक्षी पिंजऱ्यात परत गेल्याशिवाय कोणालाही, वडिलांनाही, काढू देत नाही. तुमच्या मुलीला हेच खातं द्या, पंखा, खिडक्या, स्वयंपाकघराचं दार, बाथरूमचं दार, झाकण नसलेली बादली, मोठ्या आरशावर पडदा, हे सगळं बघून मग पिंजऱ्याचं दार. दहा वर्षांच्या मुलांना अशी जबाबदारी आवडते आणि ती मोठ्यांपेक्षा कडक असतात. पहिल्या दिवशी परत आत जात नाहीत म्हणून मागे धावू नका, खाणं फक्त पिंजऱ्यातच ठेवा, भूक लागली की जातात.

खाण्याचं बोलायला बसलो तर रात्र होईल पण दोन गोष्टी सांगतोच. एक, वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथेच वाटीत टाकतो, वरून बघितलं तर वाटी काठोकाठ. रोज सकाळी वाटी गॅलरीत नेऊन फुंकर मारायची, फोलपटं उडाली की खाली काय उरलंय ते कळतं. गणपतीत चार दिवस गावी जाताना "वाटी भरून ठेवलीय" म्हणून निघणारे लोक आहेत, आल्यावर काय दिसतं ते लिहीत नाही, शेजाऱ्यांकडे द्या सरळ. दुसरी गोष्ट, नुसती कांगणी म्हणजे राळा आणि बाजरी घालून भागत नाही. रानात तो हेच गवताचं बी खातो पण त्यासाठी मैलोनमैल उडतो, आपल्याकडे वाटी आणि दांडी एवढाच प्रवास, मग चरबी वाढते, लिव्हर जातं आणि चार वर्षांत संपतो जो आठ-दहा वर्षं जगला असता. म्हणून रोज काहीतरी हिरवं द्या, कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मक्याचं कोवळं कणीस, मोड आलेले मूग. पहिले पंधरा दिवस शिवणार पण नाहीत, देत राहा. समुद्रफेसाचा, म्हणजे कटलबोनचा, तुकडा कायम लटकवून ठेवा, कॅल्शियम त्यातून मिळतं. अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारट काहीही नको, सफरचंद दिलंत तर बिया काढून. पावसाळ्यात दाण्याला बुरशी आणि किडे लवकर लागतात, म्हणून थोडंच आणा आणि वास घेऊन बघा, कुबट आला तर फेकून द्या, धुऊन वाळवून वापरायची काटकसर इथे करू नका.

आणि कोथिंबिरीची गंमत सांगायची राहिली. जुडी चांगली धुऊन, पाणी निथळू न देता पिंजऱ्याच्या जाळीला वरून लटकवा. आधी लांबून बघतील, मग एक जण जवळ जाऊन गाल घासेल, आणि मग दोघंही त्या ओल्या पाल्यात घुसून डोकं, पाठ, पंख घासत लोळायला लागतात, ओरडत, एकमेकांवरून चढत, पिसं भिजून अर्धे होतात. वाटीतल्या पाण्याने न्हाणारे बजी कमी, ह्या पाल्याच्या आंघोळीला बहुतेक सगळे तयार. उन्हाळ्यात दुपारच्या आत करा म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळतात. ती जुडी मग भाजीत नका घालू एवढंच.

घाण होते का, हो होते. विष्ठा बारीक आणि लवकर वाळणारी असते, वर्तमानपत्र रोज बदललं की वास नाही, पण फोलपटं आणि बारीक पिसं पिंजऱ्याभोवती पसरतातच, रोज झाडू आलाच. घरात कोणाला दमा असेल तर आधी डॉक्टरला विचारा, आणि पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने, मुलांचे तर नक्की.

पक्ष्याचं फुफ्फुस फार नाजूक असतं हे लक्षात ठेवा. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून फार तापला की त्याच्या वाफेने बजी मरतो, आपल्याला वाससुद्धा येत नाही. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात आणि त्याच्या दारात नको. देवघराजवळ पण नको, अगरबत्ती, धूप, कापूर, आणि डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे हे सगळं त्यांच्यापासून लांब. दिवाळीत चार दिवस खिडक्या बंद करून आतल्या खोलीत. बाल्कनीत एकटा पिंजरा ठेवून आत जाऊ नका, कावळे जाळीतून चोच मारतात, आणि एप्रिल-मे मध्ये चोच उघडी ठेवून पंख अंगापासून लांब धरलेले दिसले तर तो उन्हाने कासावीस आहे, लगेच सावलीत.

आजारपण ते लपवतात. थव्यात आजारी दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी जातो, त्यामुळे अगदी शेवटपर्यंत ठीक असल्यासारखं दाखवतात. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, आठवड्याला एकदा त्यावर उभं करा, आजोबांच्या डायरीत आकडा लिहा. पस्तीसचा बत्तीसवर आला तर दिसायला काही नसलं तरी डॉक्टर गाठा. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतेय, तर त्याच दिवशी, उद्यावर नको. दुकानदाराने दिलेली पिवळी पावडर पाण्यात टाकू नका, ते बहुतेक वेळा अंदाजपंचे अँटिबायोटिक असतं. पक्षी बघणारा डॉक्टर कोण हे पक्षी आणण्याआधीच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी घेत नाहीत. मुंबईत असतात त्यांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं, पुण्यात विचारून नंबर काढून ठेवा.

कायद्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण सासरे म्हणतील त्यापेक्षा आपला हिरवा पोपटच आणू. तो आणू नका, आपले देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, आणि ते रानातून पिल्लं पळवून आणलेले असतात. बजीचं तसं नाही, जॉन गूल्डने १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले तेव्हापासून ते माणसाच्या घरात वाढतायत, निळा पांढरा पिवळा हे सगळे रंग पैदाशीतून आलेत, रानातला फक्त हिरवा-पिवळा. ह्याचमुळे कोणी "बिचाऱ्याला सोडून द्या, पुण्य लागेल" म्हणालं तर ऐकू नका. पिढ्यान्पिढ्या मटकीत जन्मलेला पक्षी बाहेर दाणा शोधू शकत नाही, संध्याकाळपर्यंत कावळे त्याला उरू देत नाहीत.

आता घ्यायला जाल तेव्हा. पिंजरा आधी घ्या, पक्षी नंतर, आणि पैसे पिंजऱ्यावर घाला, पक्ष्यांची साधी जोडी त्यापेक्षा स्वस्तच पडते. लांबी अडीच-तीन फूट, उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची कारण ते आडवे उडतात, गोल पिंजरा नाहीच, आणि दोन गजांत सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त जागा नको, डोकं अडकतं. प्लास्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्या लावा, कमीजास्त जाडीच्या, पायाला बरं पडतं आणि साल सोलत बसतात. काही दुकानांत बजीलाच लव्हबर्ड म्हणून देतात, लव्हबर्ड हा वेगळा पक्षी आहे, जाडसर, आखूड शेपटीचा आणि चावरा, तेव्हा बघून घ्या. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू मागा, कपाळावरच्या काळ्या बारीक रेषा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा, मोठा झाला की कपाळ साफ होतं आणि डोळ्यात पांढरी कडा येते. नर ओळखायचा चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीच्या मांसल भागावरून, मोठ्या नरात निळा, पिल्लू नरात एकसारखा गुलाबी-जांभळा, मादीत नाकपुड्यांभोवती पांढरट कडी आणि मोठेपणी तपकिरी. पूर्ण पिवळे आणि पांढरे लाल डोळ्यांचे असतात त्यांच्यात नराचा गुलाबीच राहतो, तिथे दुकानदारही गोंधळतात, तेव्हा पहिल्यांदा हिरवा किंवा निळा घ्या. पंख कापलेले नाहीत ना बघा, बूड स्वच्छ हवं, आणि दुपारी जाऊ नका, दुपारी सगळेच झोपलेले असतात, निरोगी आणि आजारी सारखेच दिसतात. सकाळी लवकर जा, सासऱ्यांना बरोबर न्या, आणि पिंजऱ्यासमोर पाच मिनिटं काही न बोलता उभे राहा, जो खातोय, भांडतोय, दुसऱ्याच्या अंगावरून चढतोय तो घ्या, कोपऱ्यात शांत बसलेला "किती गरीब आहे" म्हणून उचलू नका.